अद्ययावत म्हणजे कुठपर्यंत?



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या आम्ही चौघी एका खिडकीपुढच्या रांगेत उभ्या होतो. आमच्या पुढं एक मावशी. त्यांचा कागद आत गेला तसाच बाहेर आला. आतून आवाज आला, "हे अद्ययावत करून आणा." मावशी आमच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "काय करून आणायचं म्हणतोय गं त्यो?" आम्ही सांगितलं, "अपडेट करायचं म्हणतायत, मावशी." मावशींचा चेहरा मोकळा झाला. "मग तसं बोलावं की! आता मराठी बोल म्हणावं त्याला."

आम्ही हसलो. घरी येताना एसटीत मात्र त्याच शब्दावर बोलत राहिलो. अद्ययावत हा शब्द मराठी, अपडेट हा इंग्रजी, आणि आमच्या मावशींना मराठी वाटतो तो अपडेट. हे असं का झालं, आणि या शब्दाआधी आपल्या भागातल्या बायका याच कामाला काय म्हणत होत्या, ते शोधायचं ठरलं. शोधता शोधता शब्द बाजूला राहिला आणि सातबारा हातात आला. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आधी शब्द उसवून बघू. 'अद्य' म्हणजे आज. 'यावत्' म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं, आजच्या दिवसापर्यंत आणून सोडलेलं. शब्द दिसतो जड, पण त्याच्या पोटात आपला रोजचाच शब्द बसलाय. संस्कृतातल्या 'अद्य'चं प्राकृतात 'अज्ज' झालं आणि त्याचंच पुढं आपलं 'आज' झालं. लिहिताना मात्र बहुतेक जण अडखळतात. 'अद्यावत' असं एक य गाळून लिहिलेलं आपण सगळीकडं बघतो, सरकारी फलकावरसुद्धा. दोन य लागतात, एक 'अद्य'चा आणि एक 'यावत्'चा.

याच 'अद्य'चं दुसरं लेकरू म्हणजे 'अद्याप'. हा शब्द आपण सगळ्याच वापरतो. 'अद्याप नाव लागलं नाही', 'अद्याप पैसे आले नाहीत'. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ सारखा, आजपर्यंत. पण अद्ययावत पाटीवर बसला आणि अद्याप आपल्या तोंडी आला. आमच्या वाट्याला आलेला शब्द कोणता, हे सांगायची गरज नाही.

पाटीवर बसल्यावर शब्दाचा अर्थही सरकला. 'अद्ययावत दवाखाना', 'अद्ययावत मंगल कार्यालय', 'अद्ययावत व्यायामशाळा' असं वाचलं की आपल्याला काय कळतं? नवीन, चकचकीत, सोयींनी भरलेलं. आजपर्यंतची नोंद वगैरे काही मनात येत नाही. बाप्यामाणसांच्या बाबतीत त्याआधी 'अपटुडेट' हा शब्द होता. परीटघडीचे कपडे, पायात बूट, केसाला तेल, की 'आज लई अपटुडेट निघालास' असं म्हणायचे. कपड्यांना अपटुडेट, इमारतीला अद्ययावत, आणि मोबाईल आला तसा कामाला अपडेट. एकाच विचाराचे तीन शब्द आपल्याकडं वेगवेगळ्या वाटांनी आले आणि प्रत्येकानं आपापली जागा धरली.

मग आमच्या आज्या काय म्हणायच्या? त्यांच्याकडं एकच शब्द नव्हता, कामागणिक वेगळा शब्द होता. जमीन उखणली की सारवायची. दिवाळीआधी भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायचा. पितळेच्या भांड्याचं आतलं पांढरं गेलं की कल्हई. जात्याची खरड बोथट झाली, पीठ जाड पडायला लागलं, की टाकीवाल्याला हाक मारून जातं टाकवून घ्यायचं. वाकळ विरली की जुनं लुगडं वरून घालून पुन्हा टाके. या सगळ्याला कोणी अद्ययावत करणं म्हटलं नाही, पण वस्तू आजच्या कामाला यावी म्हणून वेळच्या वेळी हात फिरवायचा, हेच त्यात होतं. आणि तो हात कुणाचा, हे त्या शब्दांत लगेच कळायचं. सारवलं म्हटलं की सारवणारी दिसते. 'अद्ययावत करण्यात आले' म्हटलं की कोण दिसतं?

घरातल्या कामाचे शब्द बायकांचे होते. कागदाच्या कामाचे नव्हते. ते आले चावडीवरून.

आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, हे नव्या पोरींना शाळेत १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनापुरतं माहीत असतं. कागदाच्या दृष्टीनं तो काळ फार लांब गेलेला नाही. आजही आपल्याकडची म्हातारी माणसं तलाठ्याला पटवारीच म्हणतात, ते त्या राज्यातलं नाव. महसुलाचा पाटील तो माली पाटील आणि बंदोबस्ताचा तो पोलीस पाटील, असे गावात दोन पाटील असत. पटवाऱ्यांवर देखरेख करणारा गिरदावर. गावात पटवारी लिहायचा मोडीत, वरच्या कचेरीत चालायची उर्दू. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची त्याला 'दाखल-खारिज' म्हणत. एकाला आत घ्यायचं ते दाखल, दुसऱ्याला बाहेर काढायचं ते खारिज. शब्द परका होता, पण मोकळा होता. कुणीतरी आत येतं आणि कुणीतरी बाहेर जातं, हे तो लपवत नव्हता.

सालही वेगळं होतं. कागदावर फसली सन असायचा. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. कुणाच्या घरात पत्र्याच्या पेटीत १३६४ फसलीचा कागद असेल तर तो १९५४-५५ चा समजा, आणि जपून ठेवा. कारण त्याच साली, हैदराबाद राज्य भारतात येऊन सहा-सात वर्षं झाल्यावर, शेतन् शेत फिरून खासरा पाहणी झाली. जमीन कुणाची, कसतं कोण, हे त्या पत्रकात उतरवलं. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद कोर्टात गेला की वकील पहिल्यांदा खासरा पत्रक मागतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला बसली तेव्हाही हेच झालं. निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद पुन्हा उजेडात काढावे लागले आणि ते वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. आजपर्यंत यायचं तर आधी इतकं मागं जावं लागतं.

आणि आपला पत्ता? तोच किती वेळा बदलला बघा. आधी हा जिल्हा नळदुर्गचा म्हणून ओळखला जायचा. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६० मध्ये तो परत निजामाकडं आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठाणं धाराशिवला आलं आणि मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव पडलं. आता १९४० साली तुळजापुराजवळच्या एखाद्या खेड्यात जन्मलेली बाई डोळ्यासमोर आणा. ती निजामाच्या रयतेत जन्मली. १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेली, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला तेव्हा तिची औशाला दिलेली लेक दुसऱ्या जिल्ह्याची झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. चुलीपासून हललीही नाही ती बाई, आणि तिचा पत्ता इतक्या वेळा अद्ययावत झाला. आज तिच्या एका कागदावर उस्मानाबाद आहे, दुसऱ्यावर धाराशिव. गोठ्यातल्या शेळीचं बरं आहे. ती अजून उस्मानाबादीच आहे, तिला कुणी कागद मागत नाही.

महाराष्ट्रात आल्यावर कारभार मराठीत आणायचं ठरलं. १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. इंग्रजी आणि उर्दू शब्दांना मराठी शब्द शोधायचं मोठं काम त्या काळात सुरू झालं. चांगलंच काम होतं ते. पण शोधणाऱ्यांची नजर संस्कृताकडं जास्त वळली, आपल्या चावडीकडं कमी. शिवाजी महाराजांच्या वेळी राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले होते, आणि तरी तहसील, दफ्तर, महसूल हे शब्द टिकलेच की. खेड्यातल्या माणसाच्या तोंडचा शब्द हुकमानं जात नाही.

एक शब्द मात्र या सगळ्यातून तसाच चालत आला, तो म्हणजे फेरफार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तो आहे, गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. आपल्याकडं त्याचं आणखी छोटं रूप चालतं. आपण म्हणतो, 'फेर ओढला का?' 'वारसाचा फेर ओढायचा राहिलाय.' 'नाव लागलं का?' आमच्या मते अद्ययावतपेक्षा हा शब्द शंभर पटीनं बरा. फेर ओढायला ओढणारा लागतो, ओढून घेणारा लागतो, आणि तो ओढला की नाही हे विचारता येतं.

हा फेर ओढतात कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या लक्षात आलं की आमच्यातल्याच अर्ध्या जणींना ते नीट ठाऊक नव्हतं. जमिनीत कुणाला वारसानं, वाटणीनं किंवा खरेदीनं हक्क मिळाला, तर त्यानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. संहितेचं १४९ वं कलम ते. वारसाची माहिती आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत जाते. मग फेरफार नोंदवहीत नोंद धरतात, तिला क्रमांक पडतो. नोंदीची प्रत चावडीत लावतात आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस देतात. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मगच सातबाऱ्यावर नवं नाव येतं. जुन्या नावाला कंस करतात आणि नव्या नावापुढं फेरफाराचा क्रमांक लिहितात. आता हे सगळं ई-फेरफार म्हणून संगणकावर आलंय, तलाठ्याचं नावही ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण वाट तीच आहे.

आता यात बाई कुठं येते? कळवायचं कुणी, तर ज्याला हक्क मिळाला त्यानं. म्हणजे बाईला हक्क मिळाला असेल तर तिनं. पण मयताचा दाखला दिराकडं, आठ-अचा उतारा सासऱ्याकडं, चावडीत पाय ठेवायची सवय नाही, आणि दहाव्याच्या आधी जमिनीचं नाव काढलं तर 'हिला त्याचंच पडलंय' असं ऐकायला लागतं. मग तीन महिने जातात, तीन वर्षं जातात. कागद मेलेल्या माणसाच्या नावानं तसाच चालू राहतो.

नाव लागलं तरी कुठं लागलं ते बघावं लागतं. सातबाऱ्यावर मालकाचा रकाना वेगळा आणि 'इतर हक्क' म्हणून एक रकाना वेगळा. जुन्या उताऱ्यांवर विधवा आणि लेकी बऱ्याचदा या इतर हक्कात दिसतात. घरातल्या घरात असूनही 'इतर'. लेकींची आणखी एक गत असते. भाऊबीजेला जाऊन येताना हक्कसोडपत्रावर सही देऊन यायचं, म्हणजे माहेर उघडं राहतं. सही दिली नाही म्हणून माहेर बंद झालेल्या दोघी आमच्या गटात आहेत. सही दिली आणि तरी बंद झालेली एक आहे.

कायदा मात्र एकेक पाऊल पुढं येत गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि लेकीला नवऱ्याच्या, बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क लेकाचाच राहिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, की घरधन्यानं आपणहून बायकोच्या नावानं जमीन करावी. त्यातून १९९२ मध्ये सरकारनंही नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं लेकीला जन्मानं वाटा देणारी दुरुस्ती केली. पण २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं तिला ती लागू नव्हती. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं ती अटही गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ ला बाप हयात होता की नव्हता याचा संबंध नाही, लेकीचा हक्क जन्मापासूनचा. आमच्या मुसलमान मैत्रिणींचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं ठरतो. फेर ओढायची चावडी मात्र सगळ्यांची एकच.

म्हणजे कायदा आजपर्यंत आला. कायद्याला आपण अद्ययावत म्हणू शकतो. सातबाऱ्याला म्हणता येत नाही, कारण कायदा दिल्ली-मुंबईत बदलतो आणि सातबारा गावात. मधलं अंतर कुणीतरी चालून जावं लागतं.

ते अंतर बायका चालल्याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण सास्तूर आणि आसपासची गावं आपली. चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली आणि दगडमातीची घरं माणसांवर बसली. त्यानंतर जे दिवस आले त्यांत यादी हा सगळ्यात मोठा शब्द होता. कोण गेलं, कोण राहिलं, घर कुणाचं होतं, किती खणांचं होतं. याद्या पुन्हा पुन्हा झाल्या. ज्या गावांची घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं दुरुस्ती आणि बळकटीकरणाचं काम निघालं आणि त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं, प्रेमा गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली, गावातल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घरोघर जायचं, कुणाला हप्ता मिळाला, कुणाचं नाव राहिलं, भिंत कशी बांधायची, हे सांगायचं आणि वर कळवायचं. सही करायला लाजणाऱ्या बायका अभियंत्याशी सिमेंटच्या प्रमाणावर बोलायला लागल्या. आमच्यातल्या एकीची सासू त्यांच्यात होती. ती अजून सांगते, "आम्ही काही अद्ययावत केलं नाही बाई, आम्ही नुसतं राहिलेल्यांची नावं सांगत फिरलो."

मग आधार आलं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बाईला मिळाला. अपडेट हा शब्द खेड्यातल्या चुलीपर्यंत पोचवला तो आधारनंच. लेकरू पाच वर्षांचं झालं की ठसे अपडेट, पंधराचं झालं की पुन्हा. मोठ्यांनीही दहा वर्षांनी कागद दाखवून यावं असं सांगतात. ऊसतोडीला जाऊन आलेल्या, आयुष्यभर खुरपं धरलेल्या बाईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. यंत्र म्हणतं पुन्हा ठेवा. रेषाच झिजल्यात, पुन्हा ठेवून काय होणार? हाताचं काम आजपर्यंतचं आहे, ठसा दहा वर्षांपूर्वीचा मागतात.

नावाचं तर विचारूच नका. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, ते एका मिनिटात अद्ययावत होतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच, असं मग तीस वर्षं चालतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात थोरल्या बाईला रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख केली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी आईचं आणि मग बापाचं नाव लिहायचं राज्य सरकारनं ठरवलं. ही दोन्ही पावलं आम्हाला आवडली, सांगायला संकोच नाही. लाडकी बहीण योजना आली तेव्हा मात्र अपडेटचा खरा घोर लागला. आधार बँकेला जोडलेलं पाहिजे, मग २०२५ मध्ये ई-केवायसी. तिच्यात बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला. जिला नवरा नाही आणि वडीलही नाहीत, तिनं कुणाचा द्यायचा? त्यांच्यासाठी नंतर वेगळी वाट काढावी लागली. 'मेलेल्याचा अंगठा कुठनं आणू?' असं विचारणारे किती फोन त्या दिवसांत आपल्या या केंद्रावर आले, ते तुम्ही ऐकलेच आहेत.

आणि याच्या अगदी उलटं एक. संजय गांधी निराधार योजनेतल्या विधवेला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, हे तिनं स्वतः जाऊन दाखवायचं. तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर जिवंत असतो, त्याला कुणी दाखला मागत नाही. त्याच्या नावानं पीक विमा भरता येत नाही, कर्ज मिळत नाही, नुकसानीचे पैसे आले तर अडकून पडतात. आपल्या जिल्ह्यात ज्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या त्यांच्या घरांत आम्ही गेलो आहोत. फोटोला हार असतो आणि उताऱ्यावर त्याच माणसाचं नाव विनाकंस असतं.

२०२५ मध्ये सरकारनं मोहीम काढली आणि तिला नाव दिलं 'जिवंत सातबारा'. सुरुवात बुलडाणा जिल्ह्यात झाली आणि १ एप्रिलपासून ती राज्यभर गेली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. एखाद्या मोहिमेचं नाव इतकं बरोबर पडलेलं आम्ही क्वचित बघितलं. 'अभिलेख अद्ययावतीकरण' म्हटलं असतं तर आमच्या मावशी घरीच बसल्या असत्या. जिवंत सातबारा म्हटल्यावर त्या पिशवीत कागद घालून निघाल्या.

त्यात आमच्या ओळखीची एक ताई होती. परंड्याकडची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि अडीच एकर अजून सासऱ्याच्याच नावावर. म्हणजे दोन मेलेली माणसं ओलांडून तिला सातबाऱ्यावर यायचं होतं. एकाच अर्जात ते होत नाही असं तिला एकानं सांगितलं, होतं असं दुसऱ्यानं सांगितलं. तीन चकरा दाखल्यांसाठी, एक चक्कर तिकीट लावायचं राहिलं म्हणून. नणंदा दोघी, त्यांचाही हक्क आहे, आणि तो तिनं लपवला नाही. दोघींना फोन करून बोलावलं, दोघींची नावं अर्जात घातली. दिराला ते आवडलं नाही. पंधरा दिवस चावडीवर नोटीस होती, ती रोज जाऊन बघून यायची, हरकत आली का म्हणून. आली नाही. फेर मंजूर झाला.

मागच्या सोमवारी ती उतारा घेऊन आमच्याकडं आली. आम्ही मोठ्यानं वाचला. सासऱ्याच्या नावाला कंस. खाली तिचं नाव, लेकाचं, नणंदांचं. मालकाच्या रकान्यात, इतर हक्कात नाही. आणि मग आमच्यातल्या एकीला दिसलं की तिच्या नावात एक अक्षर चुकलंय. आधारवरचं आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नाही, म्हणजे उद्या कुठल्या तरी खिडकीतून पुन्हा तेच वाक्य ऐकायला येणार.

अशी लिहिण्यातली चूक असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आम्ही तो तिथंच बसून लिहिला. सोबत उतारा, फेरफाराची नक्कल आणि आधारची झेरॉक्स जोडली. पोच तिनं पदराच्या गाठीत न बांधता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, आम्ही सांगितलं म्हणून. बुधवारी तिला बोलावलंय. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत.